इंजिन उन्हानं तापलं नव्हतं

आत्ताच सांगतो. नाई तं सांगाचं राहून जाईन. जेवणाची सुट्टी आहे, क्लासात कोणी नाई. चार वाजता पोरं-पोरी येतीन, बारा मशीनी एकदम खडखडाले लागतीन, अन् मी पुन्हा गप बसीन — जसा तीन वर्षं बसलो तसाच. हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाई. आईले नाई, दोस्ताले नाई, अन् भाऊले तं नाईच नाई. डबा उघडला होता, तो तसाच बंद केला. मराठी मशीनवर कागद चढवला अन् बसलो. माही स्पीड चांगली आहे, काळजी करू नका, सुट्टी संपायच्या आत होऊन जाईन. अन् मशीनवर खोडता येत नाई, हे एक बरं आहे. जे उमटलं ते उमटलं.

मी अमरावतीत राजापेठेत एका टायपिंग क्लासात शिकवतो. घर अचलपूरचं. आज सकाळी साडेनऊ वाजता क्लासच्या दारात सुखदेव मिस्तरी उभे राह्यले. संगं त्यायची पोरगी. मले पाहून मिस्तरी हसले — खरंच हसले, साधे — अन् माहे हात मशीनवरच थिजले. काहून थिजले?

थांबा, मी उलटं सांगून राहिलो. आधी गाडीचं सांगतो. गाडीशिवाय तुमाले समजणार नाई.

आमची गाडी म्हणजे जर्मनच्या लढाईतली पिकअप. मिलिटरीच्या लिलावात निघाली, दोन-तीन हातांतून फिरत माह्या मोठ्या भाऊपाशी आली. वरचा हिरवा रंग खरवडला तं खाली आणखी हिरवा निघे. बाप गेल्यावर भाऊनंच घर ओढलं, मले मॅट्रिक केलं. वांगे, गोबी, हिवाळ्यात संत्रा — आमचा माल, संगं गल्लीतल्या चार माळ्यांचे टोपले, सगळं त्या पिकअपमधी भरून भाऊ पहाटे अमरावतीच्या नाई तं अकोल्याच्या हर्रासाले, म्हणजे भाजीच्या लिलावाले, नेई. हर्रासाले उशीर झाला की मालाले कोणी पुसत नाई, हे तुमाले माहीत असंन. गाडी चांगली होती, पण इंजिन पेट्रोलचं. भाऊ म्हणे, "हे म्हैस हाय, पन उलटी. दूध आपनच पाजाचं."

त्या दिवसांत जो तो पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून राहिला होता. चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जुन्या मोटारीतलं, पलटी झालेल्या बसमधलं इंजिन घ्यायचं अन् आपल्या गाडीत टाकायचं. पण कोणतं घ्यायचं? इंजिनचा आवाज कोणीही ऐकते, आतलं कोणाले दिसते?

सुखदेव मिस्तरीले दिसे. परतवाड्याच्या रस्त्यावर त्यायची टिनाची शेड होती. जर्मनच्या लढाईच्या काळात मिलिटरीच्या वर्कशॉपमधी शिकलेले. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, शेडमधी हत्यारांच्या फळीवर बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली पाने आकारानुसार लावलेले. कमी बोलत. इंजिन आलं की आधी त्याच्यावर हात ठेवत — तळहात, पूर्ण — अन् डोळे बारीक करून उभे राहत. जशी वैनी पोराच्या कपाळाले हात लावून ताप पाहते, तसं. हात ठेवल्याशिवाय ते मत देत नसत, अन् हात ठेवल्यावर दिलेलं मत चुकत नसे. अख्खं अचलपूर हे मानत होतं. "मानत होतं" — हे मी मुद्दाम तसं लिहिलं.

दोन इंजिनं नजरेत होती. एक अमरावतीत, चार सिलिंडरचं, पाववाल्याच्या गाडीतलं. दुसरं अकोल्यात एका जुन्या मालाच्या शेठकडं, सहा सिलिंडरचं, बसमधलं. मिस्तरीचं मन चारवर. भाऊचं सहावर. अन् माहं? माहं तं विचारूच नका. मी गल्लीत अगोदरच सांगून बसलो होतो की आमच्या पिकअपले बसचं इंजिन येऊन राह्यलं.

शेडमधी बोलणं झालं ते मले अजून पाठ आहे.

"मिस्तरी, सहाचंच टाकू," भाऊ म्हणे. "घाटात ओढून निंगते."

"तुमाले वांगे चिखलदऱ्याले नेऊन इकाचे हायेत का?"

"तसं नाई. ताकद पाह्यजे ना गाडीले."

"चारचं सकाळी सकाळी उठते," मिस्तरी म्हणाले. "तुमाले पहाटे उठनारं पाह्यजे का दुपारी पयनारं?"

मी मधात बोललो. मले कोणी विचारलं नव्हतं, तरी बोललो. "मिस्तरी, चार ते चार अन् सहा ते सहा."

मिस्तरीनं माह्याकडं पाह्यलं. "तू दहा बोटानं टाइप करतं ना लेका? आनखी दोन लावून देऊ का, जोरात होईन."

सगळे हसले. मीही हसलो, पण मले ते लागलं. मी त्या वेळी एकोणीसचा. आठवड्याभरात अकोल्याले माही टायपिंगची परीक्षा होती, अन् मले वाटे की इंजिनाले जसे सिलिंडर, तशी माणसाले स्पीड. जास्त ते चांगलं. त्याच्यावर दुसरं काय असते?

शेवटी मिस्तरी एका गोष्टीवर राजी झाले. म्हणे, "गार इंजिन पह्यल्या सेल्फले उठलं तं मी सहाचं बसवतो. पन गार पाह्यजे. गरम केलेलं इंजिन आतून मेलेलं असलं तरी उठते. हे माल इकनारे काय करतेत, गिऱ्हाईक याच्या आधी अर्धा घंटा चालवून ठेवतेत."

म्हणून कोणीतरी सकाळपासून इंजिनापाशी बसून राहाले पाह्यजे होतं. मी परीक्षेसाठी अकोल्यात मावशीकडं राहणारच होतो. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी भाऊ अन् मिस्तरी एसटीच्या मोटारीनं येणार. तं काम माह्याकडं आलं.

"सात वाजता जाऊन बसजो," मिस्तरी म्हणाले. "आधी हात लावून पाहाजो, गार हाय का. मंग आमी येईपर्यंत हलू नोको. कोनाले सुरू करू देऊ नोको. बस."

काम काय होतं? बसायचं. नुसतं बसायचं. दोन-तीन घंटे एका लोखंडापाशी बसायचं. इतकंच काम माणसाले जमत नाई का?

मी वेळेवर गेलो, हे खरं आहे. सातच्या आधीच गेलो. अकोल्याच्या रेल्वे फाटकापलीकडं शेठचं आवार होतं — जुने चाकं, तुटके दरवाजे, गंजलेल्या बोनेटींची चळत. मधोमध लाकडी ओंडक्यांवर ते इंजिन, बॅटरी जोडलेली, डिझेलचा डबा वर टांगलेला, अन् सगळ्यावर काळी ताडपत्री. मी ताडपत्रीखाली हात घातला. मे महिना होता, तरी माठासारखं गार. मले इतका आनंद झाला — काहून झाला माहीत नाई. जसं ते माहंच होतं. एका चाकावर बसलो.

तेवढ्यात शेठ आला. पांढरं धोतर, तोंडात पान. "या साहेब," म्हणे.

मले साहेब कोणी म्हटलं नव्हतं. कधीच. मी काय करतो, कुठून आलो, सगळं त्यानं विचारलं, अन् मी सगळं सांगितलं. कालच परीक्षा दिली, स्पीड इतकी, चूक एकही नाई. मले सांगाले कुठी थांबायचं हे तेव्हाही समजत नव्हतं, आताही समजत नाई, तुमी पाहूनच राह्यले.

"वा," शेठ म्हणाला. "देवच पावला. आमचा टायपिस्ट सुट्टीवर गेला अन् मुंबईले इंग्रजी पत्र टाकाचं हाय. मशीन नवीन हाय साहेब, कोणी हातच नाई लावला नीट. पाच मिनिटं."

मी इंजिनाकडं पाह्यलं.

"ते काय पळून जाते का?" शेठ म्हणाला, अन् आम्ही दोघं हसलो.

ऑफिस म्हणजे टिनाची खोली, दार रस्त्याकडं, आवाराकडं पाठ. पण मशीन — मी काय सांगू तुमाले. आमच्या क्लासातल्या मशीनींचे 'इ' अन् 'ए' घासून सारखे झाले होते. ही करकरीत. बटन दाबलं की अक्षर कागदावर शिक्क्यासारखं बसे. शेठ बाजूले उभा राहून पाहून राह्यला. मी न पाहता टाइप करत होतो अन् तो "बाप रे, बाप रे" करून राह्यला होता. कोणीतरी लिंबाचं सरबत आणून ठेवलं.

अन् मंग मले आवाज आला.

आधी सेल्फचा. कुं-कुं-कुं करून थांबला. पुन्हा. पुन्हा थांबला. मी मोजलं नाई म्हणीन तं खोटं होईन — मी मोजलं. सहाव्यांदा ते खोकलत, अडखळत उठलं, अन् मंग धडधड सुरू झाली. टिन हलाले लागला. सरबतात लाटा उठल्या.

मले समजलं नाई का? शेजारच्या आवारातलं असंन, असं एक क्षण वाटलं — नाई, तेही खरं नाई. असं वाटावं म्हणून मी प्रयत्न केला. मले पह्यल्या खोकल्यालेच समजलं होतं. उठून मागं जायचं होतं. दहा पावलं. "बंद करा" म्हणायचं होतं. शेठ माह्या बोटांकडंच पाहून राह्यला होता, शांत, चेहऱ्यावर तेच कौतुक. अन् मी थांबलो नाई. माही बोटं उलटी आणखी जोरात चालाले लागली. पत्र संपलं. त्यानं दुसरं दिलं. मी तेही केलं. धडधड चालू होती, अन् मी एकही चूक न करता टाइप करत होतो.

आवाज बंद झाला तेव्हा मी बाहेर आलो. ताडपत्री जशीच्या तशी. खाली हात घातला अन् तसाच ओढून घेतला.

भाऊची मोटार उशिरा आली. ते दोघं दहाच्या सुमाराले आवारात शिरले. तोपर्यंत ऊन असं चढलं होतं की चाकांचा रबर वास माराले लागला होता. इंजिन उन्हात होतं. मिस्तरी नेहमीसारखे सरळ त्याच्यापाशी गेले अन् तळहात ठेवला.

"गरम हाय," ते म्हणाले.

"अकोल्याचं ऊन हाय मिस्तरी," शेठ म्हणाला. "इथी गच्चीवर पापड भाजते. तुमच्या अचलपूरसारखं नाई."

मिस्तरी खाली बसले. हात इंजिनाच्या पोटाखाली घातला, जिथी तेल राहते, जिथी ऊन पोचत नाई. अन् तिथीच ठेवला. किती वेळ ठेवला.  मंग त्यायनं शेठले नाई विचारलं. मले विचारलं.

"पुंडलिक, तू सकायपासून अठीच व्हता ना?"

"हाव."

"कोनी सुरू केलं?"

"नाई," मी म्हटलं. "उन्हानं तापलं."

मिस्तरीनं माह्याकडं पाह्यलं. हात अजून खालीच होता. मंग त्यायनं हात काढला, पायजाम्याले पुसला, अन् भाऊले म्हणाले, "शिकेल पोट्टा हाय. तो सांगते तं गारच असंन."

सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात उठलं. भाऊनं माह्या पाठीवर थाप मारली — इतक्या प्रेमानं की मी पुढं झुकलो.

मिस्तरीनं पंधरा दिवस खपून ते बसवलं. इंजिन अन् ड्रायव्हरच्या मधातला पत्रा कापून मागं सरकवला, नवीन पट्ट्या मारल्या, जागा केली. उन्हाळा गेला, पाऊस गेला, इंजिन पळालं. भाऊ चौकातून मुद्दाम जोरात नेई. मी स्वतःले सांगितलं, झालं ना चांगलं? मंग काहून घाबरला?

दिवाळीनंतर थंडी पडली. पह्यल्या थंड सकाळी ते उठलं नाई. भाऊनं सेल्फ मारला, मी अंथरुणातून ऐकलं — कुं-कुं-कुं, थांबणं, पुन्हा कुं-कुं. तोच खोकला. मी डोक्यावर घोंगडी घेतली. मंग रोजचंच झालं. गल्लीतले माणसं ढकलाले बोलवायचे, नाई तं इंजिनाच्या पोटाखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवून आधी शेकायचं. भाऊ शेगडी फुंकत बसे अन् हर्राफ निघून जाई — हर्रास म्हणाचं होतं, बोट घसरलं, राहू द्या. माळी लोकांनी आपले टोपले दुसऱ्याच्या गाडीत टाकणं सुरू केलं. मिस्तरी दर दोन दिवसांनी येऊन पाहत, पंप खोलत, नोझल साफ करत. निळा धूर पाहून फक्त मान हलवत. अन् एका सकाळी संत्रा भरून अकोल्याले जाता-जाता दर्यापूरच्या अलीकडं ते इंजिन आतून फुटलं. रस्त्यावर तेलाचा पाट. संत्रा दोन दिवस तिथीच उन्हात.

तिसऱ्या दिवशी भाऊ मिस्तरीच्या शेडवर गेला. मी संगं होतो. चहाच्या टपरीवरचे पाच-सात माणसंही सरकून आले.

"खरं सांगा मिस्तरी," भाऊ म्हणे. "शेठनं काय चारलं तुमाले?"

मिस्तरी हात पुसून राह्यले होते. "चहा पेलो व्हतो तिथी. तुमच्याच संगं."

"तुमचा हात कधी चुकत नाई ना? मंग इथीच काहून चुकला?"

टपरीवरचा एक जण मागून म्हणाला, "छप्पन सालापासून यायचा हात कमी अन् डोकंच जास्त चालते." लोक हसले.

मी हसलो नाई. पण हसणाऱ्यांच्याच ओळीत उभा होतो. हे वेगळं कसं सांगू तुमाले? मिस्तरीनं एकदा माह्याकडं पाह्यलं. एकदाच. बोट दाखवलं नाई, नाव घेतलं नाई. मी खाली पाह्यलं — तिथी जमिनीवर तेलाचा एक डाग होता, कढईएवढा. तो डाग मी आजही काढून दाखवू शकतो. मिस्तरी म्हणाले, "मी काही खाल्लं नाई," अन् पाना उचलून कामाले लागले.

झालं. अचलपुरात एवढं पुरते. ज्यानं त्यानं आपापली जुनी गोष्ट काढली — माह्या पंपालेही त्यायनंच तसं केलं होतं, माह्या चक्कीलेही. कशालेच काही नव्हतं केलं. वर्षाच्या आत शेड बंद झाली. मिस्तरी बायकोच्या गावी, पातूरले गेले. तिथी विहिरींवरचे पंप दुरुस्त करतेत, असं ऐकलं. आमच्या पिकअपमधी भाऊनं नंतर चार सिलिंडरचं टाकलं, दुसऱ्या मिस्तरीकडून. पहाटे उठते. भाऊ आजही कोणापाशी गोष्ट निघाली की सांगते, "आमाले सुखदेवानं खाल्लं." अन् मी तिथी बसलेलो असतो. जेवून राह्यलो असलो तं घास गिळतो.

तं आज सकाळी ते दारात उभे होते.

"मास्तर," मले म्हणाले. मास्तर. "हे माही पोरगी, सुजाता. मॅट्रिक झाली. अठी मामाकडं राहीन. हिले शिकवा."

मी तिले तीन नंबरच्या मशीनवर बसवलं. कोणती बोटं कुठी ठेवायची ते दाखवलं. पोरीनं पह्यल्या फेरीतच ओळ नीट काढली. तिचा हात बापासारखाच आहे — आधी बटनांवर नुसता ठेवते, दाबत नाई, मंग दाबते.

मिस्तरी निघाले तं मी संगं जिना उतरलो. खाली सायकलवाल्याच्या दुकानापाशी गर्दी होती, क्लासचे पोट्टे घंट्या वाजवत येऊन राह्यले होते. मी म्हटलं, "मिस्तरी, ते अकोल्याचं —"  ज्याले स्पीडचा इतका गर्व, त्याले एक शब्द नाई.

मिस्तरी म्हणाले, "तुया पांढऱ्या सदऱ्यावर काया पट्टा व्हता. अठी, छातीवर आडवा. पाह्यला मी त्या दिवशी. पन समजला हिवाळ्यात."

काळा पट्टा.

आता मले ते सांगाच लागते. वर मी लिहिलं आहे, "इंजिन उन्हात होतं." तुमी वाचून पुढं गेले असान. ते उन्हात आलं कसं, हे मी सांगितलंच नाई. ते ताडपत्रीखाली होतं. शेठच्या माणसांनी पुन्हा नीट झाकून ठेवलं होतं. ती ताडपत्री मी काढली. मी — माह्या दोन्ही हातानं, छातीशी धरून, दोरी सोडून. जड होती, तेलकट होती. घडी केली अन् चाकांच्या मागं टाकली. शेठनं सांगितलं नाई, कोणीच सांगितलं नाई. मोटार यायले पुष्कळ वेळ होता. तेवढ्या वेळात ऊन आपलं काम करीन, असा हिशेब मी केला. "उन्हानं तापलं" हे वाक्य मिस्तरीनं विचारल्यावर घाबरून तोंडातून निघालं नव्हतं. ते मी घंटाभर आधी तयार करून ठेवलं होतं. पुढचा घंटाभर मी त्या इंजिनापाशी खरंच बसलो, हललो नाई — ते तापायची वाट पाहत.

घाबरून खोटं बोलणं वेगळं, असं मी तीन वर्षं मनात धरून होतो. हे तसं नव्हतं. मी ऊन आणून ठेवलं.

जिन्याखाली मी मिस्तरीले एवढंच विचारलं, "मंग शेडवर तुमी बोलले काहून नाई? सगळे होते तिथी."

ते सायकलवाल्याच्या चाकाकडं पाहून राह्यले होते, तो चाक फिरवून तार सरळ करत होता. "बोललो असतो," ते म्हणाले. "माहा शब्द तुया शब्दापुढं कोनी ठेवला असता, सांग बरं?"

मी त्या फिरत्या चाकाकडं पाह्यलं. 

"माह्या हाताले समजलं व्हतं रे तवाच," ते म्हणाले. "तेल गरम व्हतं. उन्हानं तेल तसं गरम होत नाई. पन म्हटलं, पोट्टा खोटं काहून बोलीन, त्याले काय मियते." मंग माह्याकडं वळून म्हणाले, "काय मियालं तुले?"

हे त्यायनं रागानं नाई विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यायले. मी काय सांगू? की मले कोणी साहेब म्हटलं होतं? की मशीन नवीन होती?  त्यायनं माह्या खांद्यावर हात ठेवला — तळहात, पूर्ण — अन् काढून घेतला.

जाता जाता म्हणाले, "पोरीले पयले स्पीड नोको शिकवू. चूक होऊ नाई, ते शिकव." अन् मोटार स्टँडकडं निघून गेले. पातूरची गाडी अकोल्याहून धरायची होती.

आता सुट्टी संपत आली. जिन्यावर पावलं वाजून राह्यली. मी कागदाखाली दोन कार्बन लावले आहेत, सुरुवातीपासूनच. वरची प्रत तुमची, जे कोणी हे वाचून राह्यले त्यायची. दुसरी भाऊले आजच्या टपालानं जाईन. भाऊले वाचता येते — हळूहळू, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. तो ताडपत्रीपर्यंत पोचीन तेव्हा बोट थांबीन, ते मले इथूनच दिसून राह्यलं. तिसरी प्रत परतवाड्याच्या रस्त्यावरच्या त्या चहाच्या टपरीले. तिथी एक जण वाचते अन् बाकीचे ऐकतेत. कार्बनची शेवटची प्रत फिकट येते, म्हणून मी आज बटनं जोरात दाबून राह्यलो.

तीन नंबरच्या मशीनवर सुजाता येऊन बसली आहे. सगळ्यांच्या आधी आली. तिनं हात बटनांवर ठेवले आहेत, अजून दाबले नाईत.

तुमच्यासंगं झालं का हो कधी असं — की समोरच्या माणसाच्या हाताले खरं समजलं होतं, अन् तुमी म्हटलं म्हणून त्यानं तो हात काढून पुसून टाकला?